मामांचा दोन्ही हातांचा नमस्कार

माझ्या मामांना एका हाताने नमस्कार करता येत नाही. म्हणजे हात वर होतो, पण त्याला नमस्कार म्हणायला ते तयार नसतात. "एक हात वर केला की मानसाला वाटतं, ह्यो आपल्याला थांब म्हणतोय," असं त्यांचं मत आहे. राहू गावच्या विकास सोसायटीच्या निवडणुकीत ते दोनदा थोडक्यात पडले. तेव्हापासून समोरून येणारा प्रत्येक माणूस त्यांना मतदार दिसतो. गाडी चालवतानाही ते दोन्ही हात जोडायचे आणि तेवढ्यापुरतं स्टिअरिंग शेजारी बसलेली मामी धरायची. मामीला गाडी चालवता येत नाही, पण धरता येते.

यंदा पुन्हा निवडणूक होती आणि मामांनी नवी गाडी घेतली. ही गाडी वेग आणि स्टिअरिंग थोडंफार स्वतःच सांभाळते, असं शोरूममधल्या माणसाने सांगितलं होतं. बाकी त्याने जे सांगितलं ते पेढे वाटण्याच्या गडबडीत कोणी ऐकलं नाही.

मी शिरूरच्या कॉलेजात बी.ए.ला आहे, शेवटच्या वर्षाला, इंग्रजी घेऊन. वडिलांच्या आणि आईच्या, दोन्ही घरांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मला पुढे शिकवावं म्हणून वडिलांशी एक अख्खी दुपार वाद घातला तो मामांनीच. त्यामुळे इंग्रजीतलं काहीही आलं, औषधाची बाटली असो की खताची गोणी, ते माझ्यासमोर येतं. त्यातलं सगळं मला कळतं असं नाही. पण "कळत नाही" हे शब्द माझ्या तोंडून निघत नाहीत. ते म्हटले तर मामा जिंकलेला तो वाद मागाहून हरतील, असं मला वाटत राहतं.

गाडी आल्यावर तिसऱ्या दिवशी मामांचा फोन आला. "बाय, गाडी इंग्रजीत कायतरी म्हणतीया. सुट्टी हाय न्हवं तुला? ये."

मी एसटीने चौफुल्याला उतरले. मामा आणि मामी घ्यायला आले होते. गाडीच्या स्क्रीनवर पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं की पुढचा सेन्सर झाकला गेला आहे. मी गाडीचं पुस्तक काढून चित्र पाहिलं आणि खाली उतरून पुढे गेले. पूजेचा झेंडूचा हार, हाताएवढा जाड, बरोबर सेन्सरवर बांधलेला होता. वर काचेवरच्या कॅमेऱ्यासमोर कुंकवाचं स्वस्तिक.

मामीला हे पटेना. हार सुकल्याशिवाय काढायचा नसतो. शेवटी मी हार बॉनेटवर सरकवला आणि स्वस्तिक दोन बोटं खाली नव्याने काढलं. पिवळी अक्षरं गेली. मामा गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि संध्याकाळपर्यंत वाडीतल्या सगळ्यांना सांगून झालं, "शोरूमवाल्याला न्हाई कळलं, आमच्या भाचीला कळलं."

ते खरं नव्हतं, कारण शोरूमवाल्याला कोणी विचारलंच नव्हतं. पण ते मी सांगायला गेले नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं.

त्या भरात मी पुस्तकाचं पुढचं प्रकरण उघडलं. ओटीवर मामा, मामी आणि शेजारचे दोघे बसले होते. मी वाचून सांगितलं, "पुढच्या गाडीपासून अंतर ठेवून ही आपोआप वेग कमीजास्त करते. आणि रस्त्यावरच्या पांढऱ्या रेषा बघून स्टिअरिंगही वळवते."

"म्हंजी हात सोडलं तरी चालंल?" मामांनी विचारलं.

त्या पानावर पुढे चौकटी होत्या. प्रत्येक चौकटीवर त्रिकोण आणि आत उद्गारचिन्ह. गोळ्यांच्या पाकिटातल्या कागदावर असतात तशाच, बारीक अक्षरांत. तो कागद कोणी वाचत नाही, तशा मीही त्या चौकटी वाचल्या नव्हत्या. सगळे माझ्याकडे बघत होते.

"लिहिलंय तरी तसंच," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही सोलापूर हायवेवर पाटसपर्यंत गेलो. मामी मागे बसली. तिचं पुढचं काम संपलं होतं. मामांनी बटणं दाबली, समोर हिरवं चिन्ह आलं आणि त्यांनी हळूच हात वर उचलले. स्टिअरिंग आपलं आपण किंचित हललं. मामांनी शेजारून जाणाऱ्या ट्रकवाल्याला हात जोडले. ट्रकवाला राजस्थानचा होता. तो गोंधळून हसला.

"ह्याचं मत हितं न्हाई," मामी मागून म्हणाली.

"सराव हाय," मामा म्हणाले.

हात सोडल्यावर थोड्या वेळाने गाडी टुंग टुंग वाजते, हे पुढे कळलं. पण मामांचा नमस्कार त्याआधीच उरकायचा. त्यामुळे गाडीला नमस्कार मंजूर आहे, असाच आमचा सगळ्यांचा समज झाला. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या लागल्या. गाडीने वेग कमी करून मोठं अंतर सोडलं. त्या अंतरात आधी दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकल घुसली, मग टेम्पो, मग वऱ्हाडाची जीप. गाडी प्रत्येकासाठी थोडी थोडी मागे होत गेली.

"अवं, असं तर आपण चौफुल्याला माघारी जाऊ," मामी म्हणाली.

"जाऊ दे त्यांना. मोठ्या मानसानं जागा द्यायची असती," मामा म्हणाले आणि घुसलेल्या प्रत्येकाच्या पाठीला त्यांनी हात जोडले.

घरी आल्यावर मला चैन पडेना. मामी चहा टाकत होती तेव्हा मी अंगणात उभ्या गाडीत बसून त्या चौकटी वाचायला घेतल्या. पहिल्याच चौकटीत होतं की हात कायम स्टिअरिंगवर हवेत. दुसऱ्या चौकटीतही तेच. तिसरीत होतं की रेषा पुसट असतील तर स्टिअरिंगची मदत मिळणार नाही. चौथीत, गाडी हळू चालत असेल तर ती मदत आपोआप बंद होते. मी हे वाक्य चार वेळा वाचलं. गावात शिरल्यावर माणसांना नमस्कार नीट दिसावा म्हणून मामा गाडी मुद्दाम हळू करतात.

जेवताना सांगायचं ठरवलं. पण जेवायला मामांनी दोन पाहुणे आणले होते आणि पहिल्या घासालाच ते म्हणाले, "पुस्तक पाठ हाय आमच्या भाचीला." एका पाहुण्याने सांगितलं की त्याचा पोरगाही हीच गाडी बुक करतोय, हात सोडून चालणारी. मी भाकरी मोडत राहिले.

सकाळी मामा खुटबावच्या बाजूला प्रचाराला निघाले. मी शेजारी बसले. थोडं अंतर गेल्यावर मी धीर करून म्हणाले, "मामा, एक सांगायचं होतं."

"सांग की."

"त्या पुस्तकात जे लिहिलंय ना, ते..."

"थांब जरा, डेअरी आली."

डेअरीसमोर दूध घालायला आलेली बरीच माणसं उभी होती. मामांनी गाडी हळू केली. हिरवं चिन्ह विझलं. ते मला दिसलं, मामांना दिसलं नाही, कारण ते डेअरीकडे बघत होते. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि छान हसले. रस्ता तिथे उजवीकडे वळतो. गाडी वळली नाही.

"मामा, हात," मी ओरडले.

त्यांचा पाय ब्रेकवर गेला, हात मात्र जोडलेलेच राहिले. गाडी शांतपणे रस्त्याखाली उतरली आणि डेअरीशेजारच्या उकिरड्यात पुढची दोन्ही चाकं घालून थांबली. कोणाला काही लागलं नाही. उकिरड्यावरच्या कोंबड्या बाजूला झाल्या, पण फार लांब गेल्या नाहीत.

माणसं जवळ आली. एक म्हातारे आबा काठी टेकत पुढे आले आणि काचेतून आत वाकून मामांना म्हणाले, "आप्पा, मतासाठी एवढं खाली यायचं नव्हतं."

"का शेणखताचा भाव इचारायला आलाय?" मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

मामा खाली उतरले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लोकांना म्हणाले, "ब्रेक जरा उशिरा लागला. माझंच लक्ष नव्हतं."

ते मला वाचवत होते. मी गप्प राहिले असते तर विषय तिथेच संपला असता. पण काल जेवायला आलेला पाहुणाही कॅन घेऊन तिथेच उभा होता. तो म्हणाला, "पण आप्पा, ही तर हात सोडून चालती ना? पोराला तसंच सांगितलंय म्या."

मी दार उघडून उतरले. एक पाय उकिरड्यात गेला. "नाही चालत," मी म्हणाले. आवाज इतका बारीक आला की पुन्हा म्हणावं लागलं. "हात सोडून नाही चालत. मी अर्धंच वाचलं होतं आणि सगळं वाचल्यासारखं सांगितलं. मामांची चूक नाही."

कोणी हसलं नाही, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. मामा रुमालाने कपाळ पुसत उभे राहिले. त्यांचं तोंड उतरलं होतं. ती दुपार, माझ्या वडिलांशी घातलेला वाद, सगळं त्यांच्या डोक्यात चाललं असेल असं मला वाटलं.

"पुस्तक कुठाय?" त्यांनी विचारलं.

"गाडीतच आहे."

"आण. गाडी वढायला ट्रॅक्टर येईस्तोवर वाच. राहिलेलं अर्धं."

डेअरीच्या कट्ट्यावर मला जागा करून दिली. मी एकेक चौकट वाचून मराठीत सांगू लागले. माणसं कॅन खाली ठेवून ऐकत होती आणि मध्येच विचारत होती. बैलगाडी कळती का तिला? पुस्तकात बैलगाडी नव्हती. म्हैस आडवी आली तर? म्हैसही नव्हती. "म्हंजी लिहिणारा हिकडं आलाच न्हाई," आबा म्हणाले आणि सगळ्यांना ते पटलं.

आठव्या चौकटीत एक लांबलचक शब्द आला. मी तो मनात दोनदा वाचला. काहीतरी जवळपासचं ठोकून देता आलं असतं. सगळे वाट बघत होते, मामाही.

"हा शब्द मला येत नाही," मी म्हणाले.

आबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मामा कट्ट्याला टेकून उभे होते. ते म्हणाले, "मग त्याच्यावर पेनानं खूण कर आन् पुढचं वाच."