लाईट शिकायला गेलेली बाई

गल्लीतले लोक मला विचारतात, "सुंदरबाई, तुमच्या खोलीतली ती दिपमाला इलेक्ट्रिशियन झाली म्हणे. आमच्या पोरालाही टाकावं म्हणतो. खर्च किती येतो हो?" माझं डोकंच फिरतं. सरकारी आयटीआयची फी ती काय, भरतो माणूस कशीबशी. पुढचं विचारा ना! पण पुढचं कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते.

दिपमाला धुळ्याला माझ्याकडे भाड्याने आली तेव्हा तिचा नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं. सासर जळगावजवळच्या असोद्याचं. नवरा भूषण केळीच्या मळ्यांतल्या मोटारी दुरुस्त करायचा. कुठे शिकलेला नव्हता, बघून बघून हात बसलेला. आपल्याकडे शेतकरी स्टार्टरला ऑटो लावून ठेवतात, म्हणजे गेलेली लाईट आली की मोटार आपोआप सुरू होते. लाईट नाही ना, मग मेन स्विच कशाला पाडायचा, असं म्हणत त्याने मोटारीच्या उघड्या वायरींना हात घातला. आणि मेली नेमकी तेव्हाच लाईट आली. वर लोक काय म्हणाले? "तो कुठे खरा वायरमन होता!" ज्याच्या मळ्यात गेला, तोसुद्धा हेच म्हणाला. मेलेल्या माणसाबद्दल असं बोलवतं तरी कसं, देव जाणे.

ते बोलणं या पोरीच्या काळजात रुतलं. म्हणाली, मी खरी वायरमन होऊन दाखवते. धुळ्याच्या आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला नंबर लागला. सासरचे म्हणाले, जायचं तर जा, पण पोर इथे ठेवायची नाही. पोर म्हणजे ऋतिका, नुकती कुठे बोलायला लागलेली.

आता सांगा, धुळ्यात पोर ठेवणार कुठे? दिवसभर वर्कशॉप, हजेरी कडक. तिथून सुटली की मेसमध्ये पोळ्या लाटायला. मी सकाळपासून भाजीच्या गाडीवर. शेवटी ऋतिकाला तिने पिंपळनेरच्या बाजूला माहेरी ठेवलं, आपल्या आईजवळ. आई म्हणजे भिकुबाई, एकटी बाई, दुसऱ्याच्या शेतात जाणारी.

सुरुवातीला दिपमाला महिन्याला जायची. पण ती निघाली की पोर बसच्या मागे धावायची, धुळीत लोळायची, मग अंग तापायचं, अन्नाला शिवायची नाही. फोनवर आवाज ऐकला तरी तेच. भिकुबाई कंटाळली. तिने जुन्या बायकांचा उपाय काढला. आपल्याकडे पोर अंगावरच्या दुधावरून तोडतात ना, कडुनिंब वाटून लावतात, आणि तरी ऐकलं नाही तर आई चार दिवस शेजारी जाऊन राहते. तोंड दाखवत नाही. पोर रडून रडून गप्प होतं आणि जेवायला लागतं. तसंच करायचं म्हणाली. तोंड दाखवू नको, आवाज ऐकवू नको. भिंतीवरचा लग्नाचा फोटोसुद्धा उतरवला बाईने.

मी कडाकडा भांडले दिपमालाशी. "अगं, ती काय अंगावर पिणारी आहे का? इतक्या मोठ्या पोरीला असं तोडतात का कुणी?"

"अक्का, ती जेवत नाही," एवढंच म्हणाली. "मी काय करू?"

मला तरी कुठे काय सुचत होतं? गाडी काढली आणि बाजारात गेले.

दिवाळीला ती गेली, पण घरी नाही. भिकुबाईच्या समोरच्या घरात बसली आणि दाराच्या फटीतून पोर बघून आली. आल्यावर म्हणाली, "अक्का, अंग धरलंय हो तिने. हसत होती." आणि मोरीत बसून आयटीआयचा निळा ड्रेस घासत राहिली. ड्रेस स्वच्छच होता. मला बाई फार वाईट वाटलं.

असं करत करत दोन वर्षांचा ट्रेड पुरा झाला. पास झाली, चांगली पास झाली. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कामाला लागली. खोलीत लहान खाट आणली, अंगणवाडीत विचारून ठेवलं, लाल फ्रॉक घेतला. "चला अक्का, आणू तिला," म्हणाली. मी गाडी बंद ठेवली आणि गेले बरोबर. रस्ताभर दिपमालाच्या तोंडाला खळ नव्हता. ऋतिका अशी झोपेल, ऋतिका तसं खाईल. इतकी बोललेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

पोचलो तर ऋतिका ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेली. वर बघितलं, घाबरली नाही, काही नाही. दिपमालाने फ्रॉक पुढे केला, तर कसा छान घेतला हातात! धुळ्याला न्यायचं म्हणून दिपमाला म्हणाली, "चल, आपले धुयाले जानं शे."

पोरीने फ्रॉक खाली ठेवला. "मी नही येस," म्हणाली. "मनी मम्मी आठे नही, धुयाले शे. लाईट शिकस. ती मले लेवाले येई."

माय वं! भिकुबाई आतून धावत आली. पोरीला हलवून म्हणाली, "बेटा, हाईच तुनी मम्मी शे!" पोर आधी हसली, मग रडकुंडीला आली आणि आजीच्या लुगड्यामागे लपली. मम्मी विसरली नव्हती हो ती! मम्मीचं तोंड तेवढं विसरली होती.

मी म्हटलं, "उचल आणि चल. रडेल चार दिवस, मग होईल सवय."

दिपमालाने माझ्याकडे पाहिलं. "परत तेच, अक्का? आता आजीपासून तोडू?"

भिकुबाई पदर तोंडाला लावून रडत होती. चहा झाला, तो तसाच निवला. दर रविवारी यायचं, ओळख लावायची, असं दिपमाला आपलं आपणच म्हणाली, आणि आम्ही उठलो.

ओटा उतरलो तर ऋतिका मागून पळत आली. दिपमाला तिथेच थांबली. पोरीने मूठभर शेंगदाणे तिच्या हातात दिले.

"तू धुयाले जास का?"

"हा."

"मंग मनी मम्मीले सांगजो, मी आठेच शे."

दिपमालाने मूठ मिटली. "सांगसू," म्हणाली, आणि आम्ही स्टँडकडे चालू लागलो.