मालक आणि ड्रायव्हर एकच

स्टुटगार्टला कॉन्ट्रॅक्टवर गेले तेव्हा चढावरच्या एका गल्लीत मला वरच्या मजल्यावर जागा मिळाली. खाली घरमालक राहायचे, साठी ओलांडलेलं जोडपं. आईला फोनवर सांगताना मी त्यांना काका-काकूच म्हणायचे. काकांचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं आणि मागच्या शेडमध्ये त्यांची स्टॉक कार. नाव मोठं, पण होती ती भंगारात निघालेली जुनी गाडी. काचा काढलेल्या, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा वेल्ड केलेला. उन्हाळ्यात रविवारी कुठल्यातरी गावाबाहेर शेतात मातीचा गोल ट्रॅक आखायचे आणि त्यावर अशा गाड्यांच्या शर्यती व्हायच्या. एकमेकांना धडका द्यायला परवानगी होती. फक्त ड्रायव्हरच्या दारावर मारायचं नाही.

मोठ्या शर्यतींत पैसेवाला मालक वेगळा आणि पगारी ड्रायव्हर वेगळा. इथे काकाच मालक, काकाच ड्रायव्हर, मेकॅनिकही तेच. काकू ट्रेलर ओढायच्या, सँडविच करायच्या आणि कुंपणाशी उभ्या राहायच्या.

"या वयात गाड्या ठोकतात?" आईनं विचारलं होतं.

माझं काम क्रॅश सिम्युलेशनचं. ऑफिसात दिवसभर मी गाड्या आदळतानाच बघायचे, पण स्क्रीनवर, आवाजाशिवाय. काकांबरोबर पहिल्यांदा गेले त्या दिवशी पत्र्याच्या त्या आवाजानं मी कुंपणापासून दोन पावलं मागे सरले. काका मात्र चेपलेलं बॉनेट घेऊन परत आले ते हसत. हेल्मेट काढलं तेव्हा केस घामानं कपाळाला चिकटले होते. इतका सुखी माणूस मी ऑफिसात कधी पाहिला नव्हता.

शर्यतीआधी पंच प्रत्येक टीमच्या मालकाला विचारायचे, "ड्रायव्हर ठीक आहे?"

काका छाती काढून म्हणायचे, "मालक म्हणतो, एकदम ठीक!" सगळे हसायचे. काकूही हसायच्या.

पुढच्या वर्षी त्या हसेनाशा झाल्या. रस्त्यावर गाडी आता त्याच चालवायच्या, काका शेजारी बसायचे. अंगणात कपडे वाळत घालताना एकदा त्यांनीच मला सांगितलं, "डॉक्टर काचबिंदू म्हणतात. समोरचं दिसतं, बाजूचं जात चाललंय."

"मग शर्यत?"

"तेच तर. रस्ता सोडला, ट्रॅक सोडत नाही."

"तुम्ही सांगा ना त्यांना."

काकूंनी दोरीवर चिमटा दाबला. "ड्रायव्हरला थांबवायचं काम मालकाचं. आणि आमचा मालक ड्रायव्हरच्या शब्दाबाहेर नाही."

त्या उन्हाळ्यातच ते झालं. ट्रॅकच्या वळणावर एक गाडी बंद पडून आडवी उभी राहिली. ती शेजारच्या गावातल्या बेकरीवाल्याची होती; तोही स्वतःच मालक आणि स्वतःच ड्रायव्हर. डावीकडून पंचांनी लाल झेंडा दाखवला. बाकीचे थांबले. काका थांबले नाहीत. वळण घेताच ती आडवी गाडी समोर आली आणि त्यांची गाडी सरळ ड्रायव्हरच्या दारावर गेली.

माती अजून खाली बसली नव्हती. काका गाडीतून उतरून धावत गेले आणि त्याचा पट्टा सोडवायला लागले, पण लोकांनी त्यांना बाजूला केलं. बेकरीवाल्याच्या खांद्याचं हाड आणि बरगड्या मोडल्या होत्या.

घरी येईपर्यंत काका एकच म्हणत होते, "झेंडा नव्हता." काकू गाडी चालवत होत्या. गल्लीचा चढ लागल्यावर त्या म्हणाल्या, "होता."

बेकरीवाला हॉस्पिटलमधून घरी आल्यावर काका त्याला भेटायला निघाले. काकू मला म्हणाल्या, "तूही चल. तिसरं कुणी असलं की हा नीट बोलतो."

बेकरीवाला खुर्चीत बसला होता, हात गळ्यात बांधलेला. कणीक मळायला त्याला कित्येक महिने जमणार नव्हतं; पहाटे त्याची बायको आणि मेव्हणा भट्टी लावत होते. काका बसलेच नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "मला बाजूचं दिसत नाही. मला ते माहीत होतं, आणि तरी मी चालवली."

"या," बेकरीवाला म्हणाला. जर्मनमध्ये याचा अर्थ 'हो', पण मराठी कानाला त्या क्षणी ते भलतंच, स्वागतासारखं लागलं. मग तो म्हणाला, "माझी पाठ गेली दोन वर्षं दुखते. मलाही थांबवणारं कुणी नाही." माफ केलं असं तो काही म्हणाला नाही. त्याची बायको तर स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही.

त्या संध्याकाळी काकांनी मला खाली चहाला बोलावलं. टेबलाशी बसून ते काकूंना म्हणाले, "आजपासून टीम तुझी. गाडी, ट्रेलर, सगळं. मालकीण तू."

काकूंनी विचारलं, "नक्की?"

"गेनाऊ. अगदी नक्की."

"मग तू चालवणार नाहीस."

त्या वाक्याची वाट बघत असल्यासारखी काकांनी मान हलवली, आणि चेहरा हातांत धरून रडू लागले. काकू त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मला उठून जावं की बसावं कळेना. बसले.

हिवाळाभर शेडमधून हातोडीचा आवाज यायचा. काका बेकरीवाल्याची गाडी सरळ करत होते. बोटांनी पत्रा चाचपून बघायचे आणि परत ठोकायचे. दाराच्या बाजूला त्यांनी दुहेरी पाइप लावला. गाडी न्यायला बेकरीवाल्याची बायको आली. तिनं दार उघडून पाहिलं, तो पाइप हलवून पाहिला आणि काकांशी हात मिळवला. त्यापलीकडे काही नाही.

उन्हाळ्यात बेकरीवाला पुन्हा शर्यतीत उतरला, पाठ दुखत असतानाही. काकूंनी आपली गाडी गॅरेजमधल्या कारागिराला चालवायला दिली होती. काका कुंपणाशी माझ्या शेजारी उभे होते. समोरचा तुकडा त्यांना दिसायचा, गाड्या वळल्या की दिसेनाशा व्हायच्या.

"आता कुठे आहे तो?" त्यांनी विचारलं.

माझं जर्मन अजून कच्चंच होतं. मी जमेल तसं सांगत राहिले. बेकरीवाला आतल्या बाजूनं येतोय, निळी गाडी त्याला दाबतेय, तो सुटला. काका डोळे मिटून ऐकत होते, दोन्ही हात कुंपणाच्या तारेवर.

"आणि आमची?"

"मागे आहे, पण चालतेय."

"हळू बोलू नकोस," काका म्हणाले. "इंजिनांच्या आवाजात ऐकू येत नाही."

मी ओरडून सांगू लागले.