काचेच्या आतली लाल रेघ

पप्पा रिटायर झाले आणि त्यांनी अप्पांची, म्हणजे माझ्या आजोबांची, जुनी मोटरसायकल पुन्हा उभी करायला घेतली. इंजन झालं, टाकी झाली, सीट झाली. राहिले दोन मीटर, एक करंटचा आणि एक स्पीडचा. दोन्हींत पाणी शिरून डायलवर डाग पडले होते. ते उघडून साफ करायचे आणि नवं रबर घालून पुन्हा बंद करायचे, असं ठरलं. राऊ गावातल्या आमच्या घराच्या पोर्चमध्ये सतरंजी टाकून आम्ही दोघं बसलो.

मीटरची काच क्रोमच्या रिंगमध्ये बसते आणि रिंगची कड मागे दुमडलेली असते. ती हळूहळू उचलायची. करंट मीटरची दुमड अगदी एकसारखी, मशीनची होती. स्पीड मीटरची मात्र जागोजागी चेपलेली, कुणीतरी पक्कडीनं दाबल्यासारखी.

"हा आधी कुणीतरी खोललाय," मी म्हटलं.

"छे! कंपनीनंतर कुणी हात नाही लावला त्याला."

रिंग निघाली, काच हातात आली. तिच्यावर साठच्या आकड्यासमोर एक लाल रेघ होती. ती मी लहानपणापासून पाहत आले होते. बोट फिरवलं तर वरून काच गुळगुळीत. रंग आतल्या बाजूला होता आणि त्यात ब्रशचा एक केस चिकटलेला.

पप्पांनी काच घेतली, उलटसुलट करून पाहिली.

"मतलब... ही कंपनीची नाहीये?"

मग त्यांनी सांगितलं. ते कॉलेजात गेले तेव्हा अप्पांनी गाडी हातात दिली आणि बजावलं, ही कंपनीची खूण आहे, हिच्या पुढे काटा गेला की इंजन सीज, म्हणजे आतून जाम, झालंच समज. अप्पा महूला फौजेच्या वर्कशॉपमध्ये, त्यांच्या शब्दावर शंका कोण घेणार? तरी पप्पांनी रेघ पेट्रोलनं घासून पाहिली, ब्लेडनं खरवडून पाहिली. निघाली नाही. तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली.

"आणि पुढे कधी गेलात की नाही?"

"एकदा. गौतमपुऱ्याच्या रस्त्यावर. काटा सत्तरला टेकला अन् अशी भीती वाटली यार, गाडी थांबवून इंजनला हात लावून पाहिला."

"मग? सीज झालं?"

"कशाचं सीज! हात भाजला फक्त."

डायल, काटा साफ करून आम्ही बंद करायला घेतलं तर एक नवीनच प्रश्न उभा राहिला. रिंग वरून घट्ट दाबून धरायची आणि तेव्हाच खालून कड वळवायची, याला एकट्याचे दोन हात पुरेनात. मग अप्पांनीच तो खोलला असेल, तर एकट्यानं बंद कसा केला? मला राहवेना. "आत्याला विचारा ना," मी म्हटलं. आत्या पप्पांहून मोठी, स्नेहलतागंजला राहते. पप्पांनी फोन स्पीकरवर लावला.

"ताई, अप्पांनी स्पीड मीटर कधी खोलला होता का गं?"

आत्या जी हसत सुटली!

"आता विचारतोयस? अरे, रिंग मीच दाबून धरली होती. रेघ पण माझी, माझ्या ड्रॉइंगच्या ब्रशनं काढलेली. अप्पा म्हणाले, बाहेरून काढली तर हा एका दिवसात पुसून टाकेल."

"आणि तू मला बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तू गाडी उडवत सुटला असतास ना, भिया!"

पप्पांनी फोन ठेवला. आम्ही नवी काच आणून ठेवली होती. मी ती पुढे केली तर म्हणाले, "राहू दे." जुनीच काच त्यांनी फक्त वरून पुसली आणि खाली नवं रबर बसवलं. मी लाकडी फळीनं रिंग दाबून धरली. त्यांनी बोथट पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, घेऊन कड इकडे थोडी, मग समोरच्या बाजूला थोडी, अशी वळवत आणली. शेवटी मी मगभर पाणी वरून ओतलं. आत थेंबही गेला नाही.

पुढच्या रविवारी ते गाडी दाखवायला आत्याकडे गेले. दुपारी जेवायला घरी येतो म्हणाले होते, ते आले संध्याकाळी.

"इतका वेळ काय करत होतात?" मी विचारलं.

"काही नाही," पप्पा हेल्मेट काढत म्हणाले. "तिनं अन् अप्पांनी मिळून अजून काय काय लपवलंय, ते विचारत होतो."