बाईंच्या नावाची बारा मिनिटं

वाद्यवृंदातले लोक तिला पाहुणी म्हणायचे. तालमीला ती सगळ्यांच्या तासभर आधी यायची, कारण हार्पच्या सत्तेचाळीस तारा जुळवायला तेवढा वेळ लागतोच. आणि मग दोन तासांच्या कार्यक्रमात तिच्या वाट्याला कधी अकरा ओळी यायच्या, कधी सात. उरलेला वेळ ते माणसापेक्षा उंच वाद्य खांद्याला टेकवून ती मनातल्या मनात मात्रा मोजत बसायची. "पाहुण्या आल्या का? चहा टाका!" असं नगारेवाले काका ओरडायचे आणि ती हसायची. चोवीस वर्षं हसली.

तर अशा या पाहुणीला यंदा वार्षिक कार्यक्रमात पहिल्यांदाच एकटीनं वाजवायला मिळणार होतं. पूर्ण बारा मिनिटं.

काय वाजवायचं ते तिचं केव्हाच ठरलं होतं. बाईंची रचना. बाई म्हणजे तिच्या गुरू, आता चौऱ्याऐंशीच्या. त्यांनी याच वाद्यवृंदात तीस वर्षं हार्प वाजवला आणि हार्पसाठी एक रचना लिहिली. ती वाजवू द्या म्हणून त्या दर वर्षी विचारायच्या आणि दर वर्षी जो कोण व्यवस्थापक असेल तो म्हणायचा, "पुढं बघू." शेवटी बाई निवृत्त झाल्या आणि ती पानं औषधांच्या चिठ्ठ्यांबरोबर खणात गेली.

बाईंची शिकवायची तऱ्हाही वेगळी. पहिले तीन महिने तार छेडायचीच नाही. बोटं तारेवर ठेवायची, तळहातात मिटायची, पुन्हा ठेवायची. पुढं छेडलेली तार थांबवायची कशी, ते. "हिला गप्प करायला शिक. वाजायला ती उतावीळच असते," असं म्हणायच्या. बोटांना फोड आले की चष्मा लावून बघायच्या. फुंकर घालायला नव्हे! फोड टोकाच्या बाजूला सरकलेला दिसला की म्हणायच्या, "बोट तिरकं पडतंय."

कुणाला कुठली रचना कधी द्यायची, याची त्यांच्याकडे वही होती. जे आवडतं ते द्यायचं नाही, जे जमत नाही ते द्यायचं. पाहुणीचा डावा हात आळशी, म्हणून दोन वर्षं तिला डाव्या हाताला राबवणाऱ्या रचनाच मिळाल्या. ती रडकुंडीला आली, घरी जाऊन ताईच्या गळ्यात पडली, पण हात सुधारला. स्वतःची रचना बाईंनी तिच्यापुढं ठेवली ती एकोणीस वर्षांनी. "आता हात मागतोय," एवढंच म्हणाल्या.

नव्या व्यवस्थापकांनी रचनेचं नाव वाचलं आणि कागद बोटाच्या टोकानं परत सरकवला. ते आधी एका मोठ्या हॉटेलात होते.

"मॅडम, हे कुणी ऐकलंय का?"

"ऐकवलं तर ऐकतील ना, सर."

"लोकांना ओळखीचं लागतं." त्यांनी दुसरा कागद पुढं केला. त्यावर एक प्रसिद्ध धून होती, निम्म्या जगाच्या फोनवर वाजणारी. "ही घ्या. गोड आहे. हार्प ऐकताना कसं, ढगात बसल्यासारखं वाटलं पाहिजे."

"सर, ही पियानोची आहे. पियानोला दहा बोटं लागतात. आम्ही आठच वापरतो, करंगळी आखूड पडते."

"मग दोन बोटांचं गाळा."

पाहुणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी ती शांतपणे म्हणाली, "आणि पायांचं काय? पियानोला काळ्या पट्ट्या असतात. आम्हाला स्वर बदलायला खाली सात पेडल. या धुनेत ते ओळीओळीला बदलतात. मी वाजवू की नाचू?"

"पाय कोण बघतं, मॅडम?"

पाहुणी उठून उभी राहिली. "मी हीच रचना वाजवणार. नाहीतर बारा मिनिटं तुम्हीच ढगात बसा."

व्यवस्थापकांनी घड्याळाकडं पाहिलं. "बरं, बघतो."

घरी आल्यावर तिनं हे ताईला सांगितलं. ताई म्हणाली, "'बघतो' म्हणाला? अगं, मग नाहीच म्हणाला तो."

"तू ना, आधीच नाट लावतेस!"

"तू ना, अजून शाळेत आहेस."

ताईचंच खरं झालं. कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी विंगेत कुणीतरी छापील पत्रिका पाहुणीच्या हातात दिली. तिच्या नावापुढं तीच फोनवरची धून होती. बाईंचं नाव कुठंच नव्हतं. तिनं फटीतून सभागृहात पाहिलं. तिसऱ्या रांगेत बाई बसल्या होत्या, काठी गुडघ्यांत, पत्रिका डोळ्यांजवळ धरून. त्यांनी ती पूर्ण वाचली, नीट घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. चेहऱ्यावर काहीच नाही. अशा घड्या त्यांनी आयुष्यभर घातल्या होत्या.

पाहुणी रंगमंचावर आली ती दातओठ खातच. बसली. पायांनी सातही पेडल बाईंच्या रचनेसाठी लावले आणि वाजवायला लागली. बारा मिनिटं कुणी खोकलंसुद्धा नाही.

बाहेर देणगीदारांशी गप्पा मारणारे व्यवस्थापक टाळ्या ऐकून धावत आत आले, सरळ माईकपाशी. "मी म्हणत होतो ना! ही धून जगाच्या ओठांवर आहे, ती उगाच नाही!"

सभागृहात कुजबुज झाली. चोवीस वर्षांत रंगमंचावर एक शब्द न बोललेली पाहुणी उठली आणि तिनं त्यांच्या हातातून माईक काढून घेतला.

"ती धून मी वाजवलीच नाही," ती म्हणाली. "पत्रिकेत चूक आहे. ही रचना माझ्या बाईंची. त्या तिसऱ्या रांगेत बसल्यात. तीस वर्षं त्यांना 'पुढं बघू' सांगितलं. आज बघा."

लोक वळले, मग उभे राहिले. बाई मात्र बसूनच होत्या. काठी घसरून खाली पडली होती आणि ती उचलायचं त्यांना सुचत नव्हतं.

मध्यंतरात पाहुणी दारापाशी टेबल ओढून बसली. उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठा पुढं घेऊन एकेकीवरची धून खोडायची आणि बाईंचं नाव लिहायचं, असा तिचा सपाटा चालला होता. शेजारी ताई तेच करत होती. बघता बघता लोकांची रांग लागली. "आमच्यावरही लिहा की," म्हणत आपापली पत्रिका पुढं करणारे.

व्यवस्थापक लगबगीनं आले. "मॅडम, हे काय चाललंय?"

"दुरुस्ती. तुम्ही 'बघतो' म्हणाला होतात ना, मग आता डोळे उघडून बघा." तिनं त्यांच्यापुढं पेन धरलं. "तो गठ्ठा तुमचा."

त्यांनी रांगेकडं पाहिलं. रांगेत पहिलाच एक देणगीदार हातात पत्रिका घेऊन त्यांच्यासमोर उभा होता. निमूटपणे खुर्ची ओढून ते बसले, नाव कसं लिहायचं ते विचारलं आणि कडेला, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं.

पाहुणीनं ती पत्रिका उचलली, पाहिली आणि परत त्यांच्यापुढं ठेवली.

"मोठं लिहा," ती म्हणाली. "शेवटच्या रांगेतून दिसलं पाहिजे."