जलप्रलयाचा दगड अन् मी

आता हसू नका म्हटलं तरी तुम्ही हसालच, म्हणून आधीच सांगून ठेवते. माह्या हातून एका देवमाणसाची भर उपासनेत फजिती झाली, अन् एका गरिबाचं काम जाता जाता राह्यलं. नात म्हणते, "आजी, लिहून घेऊ का?" घे बाई. तेवढंच डोक्यावरचं ओझं उतरंल.

साठ-एकसष्टचा उन्हाळा. मारेगावात मी पाळकसाहेबांकडे सैपाकाले होती. आम्ही ख्रिस्तीच, माहं नाव मार्था. पाळकसाहेब नगरकडचे. बोलणं पुस्तकी, चष्मा जाड, मन लोण्याचं. त्यांच्या मेजावर एक दगड राहे, टेकडीवर सापडलेला. त्यात बारके बारके शंख, तेही दगड झालेले! दगडाच्या पोटात शंख, बोला!

"मार्था, इथे समुद्र आहे का?" ते मले विचारत.

"नाही जी. उन्हाळ्यात विहिरीलेही पाणी नाही."

"मग टेकडीवर शंख कुठून आले? नोहाच्या जलप्रलयाने आणले!"

आदामापासून कोण किती वर्षं जगला, त्याची त्यायनं कागदावर बेरीज केली होती. पृथ्वीचं वय निघे सहा हजार वर्षं. मले पटलं. कायले नाही पटणार? आमच्या घरात सासूचं वय कोणाले सांगता येत नव्हतं, अन् या माणसानं पृथ्वीचं काढलं!

त्याच उन्हाळ्यात सरकारचे दगडवाले साहेब आले. दिवसभर हातोडीनं टेकड्या ठोकत अन् सांजच्याले आमच्याकडे चहाले येत.

"पाळकसाहेब, इथं तळं होतं. त्यावर दगडाचा तापलेला रस वाहत आला, शंख दबले. सहा कोटी वर्षं झाली त्याले."

"तुम्ही होता का तिथे?"

"तुम्ही तरी नोहासोबत होता का?"

चहा थंड होऊन जाये. मंडळीतले दोन-चार शिकलेले पोट्टेही साहेबाच्या बाजूनं बोलाले लागले होते. ते पाळकसाहेबांले लागलं. म्हणाले, "साहेब, रविवारी उपासनेला या. सगळ्यांसमोर दगड ठेवतो. पाहा आणि बोला."

झालं! रविवार म्हणजे इज्जतीचा सवाल.

अन् शुक्रवारी मी तो दगड फोडला.

काहून? अवो, लोणच्याच्या कैऱ्या फोडाच्या होत्या. कैरीवर कोयता ठेवायचा अन् वरून ठोकायचं. पाट्यावरचा वराटा शेजारीण घेऊन गेली होती. पाळकसाहेब शनिवार रात्रीपर्यंत दुसऱ्या गावी गेलते. मेजावर तो दगड. हाताले कसा बसला म्हणता! चाळीस कैऱ्या फोडल्या बिचाऱ्यानं. एकेचाळिसावीले त्याचाच भुगा झाला.

माह्या पायाखालची जमीन सरकली. सहा हजार वर्षं टिकलं ते माह्या हातून गेलं!

उपासनाघराच्या भिंतीले रहीमचाचा मिस्त्री चुना लावून राह्यले होते. जुम्म्याच्या नमाजले गेलते. मी गुपचूप घमेलंभर चुना उचलला. त्यात वाळू टाकली, राख टाकली, दगडाचे तुकडे दाबले. पण शंख तं बरेचसे चुरून गेलते. मंग नाल्यातून चार वेचून आणले. तेवढ्यावर थांबली असती तं बरं होतं! मनात आलं, एवढं नुकसान केलं तं पाळकसाहेबांले थोडं जास्तच देऊ. सैपाकघरातली एक मोठी शिंपली मधोमध बसवली. दोन दिवस पत्र्यावर उन्हात ठेवला.

रविवारी सकाळी पाळकसाहेबांनी दगड घेतला अन् चष्मा वर-खाली केला.

"मार्था! ही एवढी मोठी शिंपली मला आजवर दिसलीच नव्हती!"

"देवाची करणी, साहेब," मी म्हटलं. जीभ झडली नाही माही!

उपासनेत त्यांचा आवाज काय लागला त्या दिवशी! प्रलयाचं पाणी कसं चढलं, तारू कसं तरंगलं, सगळं डोळ्यांसमोर उभं. मंग त्यायनं दगड उचलून दाखवला अन् पहिल्या रांगेतल्या एस्तेरबुढीच्या हाती दिला. "आजी, तुम्ही सांगा, काय आहे हे?"

बुढीनं नखानं शिंपली कोरली. शिंपलीच्या पाठीवर घासून घासून पाडलेलं छिद्र.

"अवो साहेब, हे तं कैरी सोलाची शिंपली होय! माह्या घरीही आहे!"

बायांच्या बाजूनं एकदम खसखस पिकली. प्रत्येकीच्या घरी तशी शिंपली. पोट्टे बाकांवर लोळले. एक जण म्हणाला, "म्हणजे नोहाची बायको मुरांबा करत होती!"

दगडवाले साहेब मात्र हसले नाहीत. पाळकसाहेबांनी दगड रुमालात गुंडाळला अन् हळूच म्हणाले, "चूक माझी. मी नीट पाहिलं नाही."

मी? मी पदरात तोंड घालून बसली. उठून एक शब्द बोलली असती तं! नाही बोलली.

सोमवारी मंडळीचे पंच ओसरीवर जमले. दगडात निघालेला चुना कोणाचा? रहीमचाचाचा. म्हणजे मस्करी त्याचीच, काढा त्याले कामावरून! चाचा हात जोडून उभे. "अल्लाकसम, मैं कायले करू, साहेब?" भिंत अर्धी राह्यलेली, घरी सहा तोंडं.

मी चहा घेऊन दाराआड. आतून मन म्हणे, बोल मार्थे. पाय म्हणे, पळ.

दगडवाले साहेबांनी चुना खरवडला, वास घेतला अन् म्हणाले, "चांगला वाळला आहे. महिना तरी झाला असावा."

चाचाले कामावर येऊन महिनाच झाला होता. सगळ्यायनं त्याच्याकडे पाह्यलं.

अन् माह्या तोंडून निघून गेलं, "काहीबाही काय सांगता जी! महिना कायचा? तीन दिवस! शुक्रवारी केला मी, पोळ्या झाल्यावर!"

चाचासाठी बोलली, असं मी कितीक वर्षं लोकायले सांगितलं. खोटं कायले बोलू आता? साहेब वय चुकीचं सांगून राह्यले, तेवढंच मले सहन झालं नव्हतं.

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. दगडवाले साहेब छताकडे पाहाले लागले. पंच माह्याकडे. मले वाटलं, आता चाचा शिव्या देईन. द्यायलाच पाहिजे होत्या.

चाचा जवळ आले, दगड हातात घेऊन उलटापालटा केला, अंगठ्यानं चुना दाबून पाह्यला.

"बेटी, यात गूळ टाकला होता?"

"नाही, चाचा."

"तभी तो भुरभुरला. चुन्यात थोडा गूळ पाहिजे, तवा पकड येते. मले विचारलं असतं तं असा दगड करून दिला असता का बुढीचं नखही लागलं नसतं."

ज्याच्या पोटावर मी पाय देऊन उभी होती, तो मले मसाला शिकवून राह्यला होता. अन् मी मान डोलवून म्हटलं काय? "पुढच्या वेळी टाकीन."