हात लावून दे वं

भूतखेत, करणी... असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. धम्मदीक्षा घेतल्यावर बापानं घरातले ताईत-अंगारे उकिरड्यावर फेकले, त्या घरातली मी. तरी हे सांगतेच. हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरहून रामटेककडे जाताना मॅंगनीजची एक बंद पडलेली खाण होती. पूर्वी हलका माल म्हणून फेकलेल्या दगडांना आता भाव आला होता, म्हणून ठेकेदारानं आम्हा बायांना जुन्या ढिगाऱ्यांवर लावलं. दगड फोडायचा, काळा वजनदार तुकडा टोपल्यात, बाकीचा बाजूला. भरलेलं टोपलं एकटीला डोक्यावर घेता येत नाही. दुसरीनं हात लावावाच लागतो, आणि हाक आली की अबोला धरलेली बाईसुद्धा उठते.

माझी धाकटी जाऊ कौसल्या तेव्हा सातव्या महिन्यात होती. आधी दोनदा पोट पडलेलं. नुसतं बसून फोडायचं, उचलायचं नाही, या अटीवर मी तिला सोबत न्यायची. दिवसभर जीव टांगणीला!

त्या दुपारी बाकीच्या बाया पाण्याला गेल्या होत्या. आम्ही दोघीच. जुन्या खड्ड्याकडून हाक आली — "हात लावून दे वं!"

कौसल्या उठलीच.

"बस खाली! पोटुशी बाई वजन उचलते का?"

"बाई, मलेच बोलावून राहिली थे. नाव घेतलं माहं."

मी नाव ऐकलं नव्हतं. "तू हालू नको, मीच जातो," म्हटलं.

खड्ड्याच्या कडेला भरलेलं टोपलं. माणूस नाही.

"कोण हाय वं?"

पुन्हा हाक आली तर कौसल्या उठणार, हे मला ठाऊक होतं... मी टोपल्याची एक बाजू धरली, जोर लावला. दुसरी बाजूही उचलली गेली — बरोबरीनं, सवयीच्या हातानं. डोक्याच्या उंचीला आलं आणि हातातलं वजन गेलं. टोपलंही दिसेना. कानाजवळ फक्त एक श्वास सुटला, ओझं डोक्यावर नीट बसल्यावर सुटतो तसा.

कौसल्येला दंडाला धरून घरी आणलं. पुन्हा तिकडे नेलं नाही. तिला मुलगी झाली, धडधाकट.

नवरा म्हणाला, ऊन लागलं तुले. लागलं असेल! पण टोपलं वर जाताना कौसल्येनंही पाहिलं होतं. त्या खड्ड्यात कधी कोणाचं काय झालं, हे जुन्या लोकांनाही सांगता आलं नाही. उलगडा मला आजही नाही. भीती केव्हाच गेली, आता वाईट वाटतं. भरलं टोपलं पायाशी ठेवून ती बाई किती वर्षं हाका मारत उभी होती कोण जाणे... आणि एवढ्या बायांत आमच्याआधी कोणालाच ऐकू गेलं नाही.