आठ जीबीत न मावलेला पिंपळ

नकाशावरून घराचं चित्र करणं हे माझं काम. इंजिनिअर कागदावर रेघा मारून देतो. मी त्यावरून कॉम्प्युटरवर बंगला उभा करते, त्याला रंग, फरशी, ऊन लावते, आणि पाया खणायच्या आधीच मालकाला आपलं घर दिसतं. उंब्रजमधल्या आमच्या पुढच्या खोलीत हे चालतं. शेजारच्या खुर्चीत आबा असतात. आबा म्हणजे माझे वडील. लष्करात गाड्यांचे मेकॅनिक होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले.

मागच्या वर्षी माझं ग्राफिक्स कार्ड गेलं. कॉम्प्युटरमधला हा भाग चित्र रंगवायचं अवजड काम करतो. तो गेला म्हणजे माझं सगळंच थांबलं. डिप्लोमाला माझ्या वर्गात असलेल्या एका मित्राचं सांगलीत कॉम्प्युटरचं दुकान आहे. मी आणि आबा त्याच्याकडे गेलो. त्याने दोन कार्डं काढून समोर ठेवली. एक आधीच्या पिढीतलं, वापरलेलं, पण मेमरी बारा जीबी. दुसरं नव्या पिढीचं, कोरं, मेमरी आठ जीबी. कुठलं घेऊ, असं विचारल्यावर तो खरं बोलला. गेम खेळणाऱ्यांना तो डोळे झाकून नवं द्यायचा. माझ्या कामाला कुठलं बरं, हे त्याला माहीत नव्हतं.

"दोन्ही घेऊन जा. आठ दिवस चालव, आणि काय ठरलं ते मलाही सांग," तो म्हणाला.

त्याने दोन्हींची माहिती छापून दिली होती. एसटीत आबांनी चष्मा लावून तो कागद ओळ न ओळ वाचला. आकडेमोड करणारे कोअर जुन्यात जास्त होते, नव्यात कमी, आणि तरी नवं वेगवान म्हणून लिहिलेलं. कराड आलं तसा त्यांनी कागद दुमडला. मग म्हणाले, "माणसं कमी आन काम जास्त, हे कसं गं?"

नव्यातला एकेक कोअर जास्त भरभर चालतो, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण ती ऐकून घेतल्याची. "कागदावर काय बी छापत्यात," ते म्हणाले. "आपन मोजू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणी सुरू झाली. एका बंगल्याचं तेच चित्र दोन्ही कार्डांवर तीन-तीनदा करायचं ठरलं. किती वेळ लागला हे प्रोग्रॅम स्वतःच सांगतो, तरी आबा मनगटी घड्याळ लावून बसले. वीज मोजायला त्यांनी तारेला चिमट्यासारखा लावायचा मीटर आणला. तो दोन तारांना एकदम लावला की शून्य दाखवतो, म्हणून त्यांनी जुन्या एक्स्टेंशनचं वरचं आवरण सोलून एकच तार बाहेर काढली. जुन्या कार्डाला प्रत्येक वेळी अकरा मिनिटांच्या आसपास वेळ लागला. नव्याला नऊ मिनिटांहून थोडा जास्त. वीजही नव्याने बरीच कमी घेतली, आणि जुनं जोरात असताना भार जास्त झाला म्हणून ओरडणारा आमचा यूपीएस नव्यावर गप्प राहिला.

आबांनी सगळं डायरीत उतरवलं आणि निकाल दिला. नवंच ठेवायचं. मलाही तेच वाटत होतं. मी जुनं खोक्यात घालून टेप लावली.

त्याच आठवड्यात आमच्या वस्तीतल्या विहाराचं काम माझ्याकडे आलं. जुन्या पत्र्याच्या शेडच्या जागी पक्कं विहार बांधायचं होतं. आवारात मोठा पिंपळ आहे. नकाशाप्रमाणे भिंत त्याच्या इतकी जवळ येत होती, की फांद्या छाटाव्या लागणार होत्या, आणि मुळांचंही काही खरं नव्हतं. काही जण म्हणत, झाड काय, पुन्हा लावता येईल. काहींना ते ऐकवत नव्हतं. रविवारच्या बैठकीत चित्र बघून ठरवू, असं ठरलं.

आबांचं म्हणणं एकच होतं. झाड आपलंच पाहिजे, कॉम्प्युटरमधलं तयार झाड नको. मग मी आणि ते दोन दिवस पिंपळाभोवती फिरलो. मी सालीचे फोटो काढले, आबांनी पाराचे दगड टेपने मोजले. पूर्वी बैल बांधायची एक लोखंडी कडी खोडात आहे. साल तिच्यावर चढत गेल्यामुळे आता अर्धीच दिसते. तिचेही फोटो घेतले. पानं आठ-दहा प्रकारची केली, कोवळी तांबूसही.

नव्या कार्डावर चित्र लावलं आणि मिनिटभरात प्रोग्रॅम बंद पडला. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. मेमरी अपुरी आहे, असा निरोप पडद्यावर होता.

आबा खुर्ची ओढून पुढे आले. जोरात पळणारं कार्ड थांबलंच कसं, हे त्यांना कळेना. मी समजावलं, की झाड, भिंती, फोटो, सगळं आधी कार्डाच्या मेमरीत मावायला लागतं. मावलंच नाही, तर वेगाचा उपयोग नाही.

"मग झाड बारीक कर," ते म्हणाले.

मी सालीचे फोटो लहान केले. चित्र भराभर झालं. पण खोड गुळगुळीत दिसत होतं, रंग दिलेल्या पाइपासारखं, आणि कडीच्या जागी नुसता काळा डाग. आबांनी खुर्ची मागे ढकलली.

"ह्यो आपला पिंपळ न्हवं."

मी खोक्याची टेप काढून जुनं कार्ड बसवलं. यूपीएस ओरडायला लागला, तसा आबांनी त्याच यूपीएसवर चालणारा खोलीतला पंखा आणि टीव्ही बंद करून टाकला. पाऊण तास आम्ही दोघं घाम पुसत बसलो. चित्र पडद्यावर तुकड्या-तुकड्याने स्वच्छ होत गेलं. आधी पार, मग खोड, शेवटी कडी. आबांनी घड्याळ बघायचंही सोडून दिलं होतं.

रविवारी विहारात ते चित्र टीव्हीवर लावलं. जयभीम झाला, सगळे बसले. पुढे बसलेल्या एक म्हाताऱ्या आजी उठून पडद्याजवळ गेल्या आणि त्यांनी कडीवर बोट ठेवलं. त्यांच्या सासऱ्यांचा बैल तिथे बांधत असत. मग त्यांनी बोट भिंतीकडे सरकवलं.

"ही भित हितं आली, तर कडी कुनाला दिसायची न्हाई."

त्यानंतर बोलणं लांबलं, पण वळण बदललं होतं. झाड ठेवायचं का, हा प्रश्न मागे पडला आणि भिंत किती सरकवायची यावर लोक बोलू लागले. शेवटी चार फूट ठरलं. इंजिनिअरने तिथेच नकाशावर पेन्सिल मारली. घरी येताना मला फार हलकं वाटत होतं.

नवं कार्ड मी परत केलं. मित्राला नवल वाटलं. आबांनी त्याला डायरी दाखवली आणि पुढच्या पिढीत मेमरी कमी का दिली, असं विचारलं. आबांनी तो प्रश्न अजून सोडलेला नाही.

जुनं कार्ड फार तापतं, म्हणून त्यांनी ते एके दुपारी उघडलं, आतली उष्णता बाहेर काढणारी, वाळून गेलेली पेस्ट पुसून नवी लावली, पंख्यांतली धूळ ब्रशने काढली. तापमान चांगलंच उतरलं, यूपीएसही आता क्वचितच ओरडतो. हे कळवायला त्यांनी सांगलीला फोन केला. चार दिवसांनी कंडक्टरच्या हातून एक पार्सल आलं. आत आणखी एक जुनं कार्ड होतं, तापणारं, आणि मित्राची चिठ्ठी: आबा, जरा बघता का?